एआय एजंटासाठी साधनांची वर्णने कशी लिहावीत
(गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी पाठ)

कीटकनाशकाचा डबा कृषी सेवा केंद्रातून शेतकऱ्याच्या घरी जातो, तेव्हा ते औषध तयार करणारा रसायनतज्ज्ञ त्याच्याबरोबर जात नाही. त्याच्या वतीने बोलते ते डब्यावरील लेबल आणि सोबतचे माहितीपत्रक. औषध कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठी आहे, किती पाण्यात किती मिसळावे, फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये, विषबाधा झाल्यास कोणते उपचार करावेत, हे सर्व तेथे लिहिलेले असते. १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार विषारीपणाची पातळी दाखविणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंगही लेबलावर छापावा लागतो. एवढा काटेकोरपणा ठेवण्याचे कारण उघड आहे. औषध उत्तम असले, पण लेबल अपुरे असले, तर नुकसान ठरलेले.

अलीकडे शेतीच्या कामात एका नव्या मदतनिसाचा प्रवेश होत आहे. शेतकऱ्याने मोबाईलवर मराठीत प्रश्न विचारावा आणि संगणकाने बाजारभाव, हवामान, खते, शासकीय योजना यांची माहिती शोधून त्याला मराठीतच उत्तर द्यावे, अशी सोय होऊ लागली आहे. पीएम-किसान योजनेसंबंधी प्रश्नांची उत्तरे देणारे ‘किसान ई-मित्र’ सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ हे अ‍ॅप २०२५ मध्ये आले. अशा मदतनिसाच्या हाती जी साधने दिली जातात, त्यांनाही लेबल लागते. ते लेबल कसे लिहावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. पाठातील साधनांची नावे समजावून सांगण्यासाठी घेतलेली आहेत. ती कोणत्याही विशिष्ट अ‍ॅपमधील नव्हेत.

एजंट आणि साधन म्हणजे काय?

एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विम्याचा एजंट किंवा बाजारातील अडत्या उभा राहतो. येथे तो अर्थ घ्यावयाचा नाही. एआय एजंट म्हणजे भाषा समजून घेणारे संगणकीय मॉडेल आणि त्याच्या हाताशी दिलेली काही साधने, यांची एकत्र जोडणी. मॉडेलने फार मोठ्या प्रमाणावर मजकुराचा अभ्यास केलेला असतो, म्हणून ते वाक्ये समजते व रचते. परंतु आज सकाळी लासलगावच्या बाजारात उन्हाळ कांद्याला काय भाव निघाला, हे त्यास त्या अभ्यासातून कळणे शक्य नाही. त्यासाठी बाजारभावाच्या नोंदी वाचून देणारा वेगळा संगणकीय कार्यक्रम लागतो. अशा कार्यक्रमास संगणकतज्ज्ञ ‘टूल’ म्हणतात. आपण त्यास साधन म्हणू.

काम पुढील क्रमाने चालते. शेतकरी प्रश्न विचारतो. मॉडेलपुढे तो प्रश्न आणि उपलब्ध साधनांच्या वर्णनांची यादी, दोन्ही ठेवलेली असतात. मॉडेल यादी वाचून एक साधन निवडते आणि ‘या साधनास ही माहिती द्यावी’ अशी मागणी लिहिते. साधन प्रत्यक्ष चालविते ते दुसरेच सॉफ्टवेअर. त्याचे उत्तर मॉडेलकडे परत येते आणि मॉडेल ते शेतकऱ्यास समजेल अशा भाषेत मांडते. ओपनएआय या कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलांना ही सोय दिली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही साधने जोडण्याची सामाईक पद्धत सर्वांसाठी खुली केली. पद्धत कोणतीही असो, प्रत्येक साधनाबरोबर नाव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीची यादी या तीन गोष्टी येतातच.

या क्रमातील एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. साधनाच्या आत कोणता हिशेब चालतो, हे मॉडेलला सहसा दिसत नाही. त्यास दिसते ते फक्त वर्णन. डब्यातील औषध न पाहता केवळ लेबलावरून निवड करणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती असते. जे वर्णनात नाही, ते मॉडेल अंदाजाने भरून काढते. आणि हा अंदाज पुष्कळदा इतक्या ठाम भाषेत मांडलेला असतो की ऐकणाऱ्यास शंकाही येत नाही.

हे काम आपले कसे?

साधन तयार करणारा अभियंता संगणकाच्या कामात निष्णात असतो. परंतु सातबाऱ्यावरील आकडा आणि शेतकऱ्याच्या तोंडचा आकडा यांत काय अंतर आहे, हे त्यास ठाऊक असेलच असे नाही. ‘करपा’ या एकाच नावाने कांद्यावरचा एक रोग आणि भातावरचा दुसराच रोग ओळखला जातो, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. हे ज्ञान गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्याजवळ व शेतकऱ्याजवळ असते. म्हणून साधनाचे वर्णन लिहिताना किंवा तपासताना त्यांचा सहभाग असणे आवश्यक आहे. त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. वर्णन साध्या वाक्यांत लिहिले जाते. गावात नव्याने रुजू झालेल्या हुशार परंतु परगावच्या सहकाऱ्यास आपण जे सांगू, तेच येथे लिहावयाचे असते.

वर्णनाची अंगे

१. नाव. नावावरून काम कळले पाहिजे. ‘माहिती’ किंवा ‘शेती_सेवा’ यांसारख्या नावांतून काहीच बोध होत नाही. ‘बाजारसमिती_दैनिक_भाव’ या नावाने पुष्कळ काही सांगितले जाते. दोन साधनांची नावे एकमेकांशी घोटाळा होण्याइतकी सारखी असू नयेत. ‘भाव_पाहा’ आणि ‘दर_पाहा’ अशी दोन साधने शेजारी ठेवली, तर मॉडेल कोणते उचलील याचा भरवसा राहत नाही.

२. काम आणि प्रसंग. साधन काय करते हे एका वाक्यात सांगून, कोणत्या प्रकारच्या प्रश्नासाठी ते वापरावे हे दुसऱ्या वाक्यात लिहावे. पहिले वाक्य अनेकजण लिहितात. दुसरे बहुधा राहून जाते.

३. केव्हा वापरू नये. हे अंग सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. बाजारभावाचे साधन बाजार समितीत प्रत्यक्ष निघालेला भाव देते. केंद्र शासन काही पिकांसाठी किमान आधारभूत किंमत जाहीर करते, ज्यास आपण हमीभाव म्हणतो. ती या साधनात नाही. शेतकऱ्याने सोयाबीनचा हमीभाव विचारला आणि वर्णनात ही सीमा आखलेली नसली, तर मॉडेल बाजारातील सर्वसाधारण दर उचलून तोच हमीभाव म्हणून सांगण्याचा संभव असतो. कांद्याच्या बाबतीत तर हमीभावच जाहीर होत नाही. तेथे असे उत्तर समूळ चुकीचे ठरेल. म्हणून ‘हमीभावासाठी हे साधन वापरू नये’ हे वाक्य वर्णनात असलेच पाहिजे, आणि त्यासाठी वेगळे साधन असल्यास त्याचे नाव तेथेच द्यावे.

४. द्यावयाची माहिती. प्रत्येक रकान्याचे नाव, एकक, लिहिण्याची रीत, आणि तो भरणे सक्तीचे की ऐच्छिक, हे स्पष्ट करावे. शक्य तेथे एकक नावातच घालावे. ‘क्षेत्र’ यापेक्षा ‘क्षेत्र_हेक्टर’ हे नाव अधिक सुरक्षित आहे. तारखेबाबतही तसेच. ‘०५-०६-२०२५’ म्हणजे ५ जून की ६ मे, असा प्रश्न पडू शकतो. म्हणून दिवस, महिना व वर्ष यांचा क्रम सांगून एक उदाहरण द्यावे. जेथे ठराविक पर्यायांतूनच निवड करावयाची असते, तेथे ते पर्याय लिहून टाकावेत; जसे, हंगाम : खरीप, रब्बी, उन्हाळी.

गावाचे किंवा तालुक्याचे नाव हाही फसवा रकाना आहे. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे व अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिकमध्ये आहे तसेच वाशिममध्ये आहे. खेड पुण्यात आहे व रत्नागिरीतही आहे. वडगाव आणि पिंपळगाव यांची तर गणतीच नको. तेव्हा ‘तालुक्याबरोबर जिल्ह्याचे नाव अवश्य द्यावे, ते माहीत नसल्यास शेतकऱ्यास विचारावे’ अशी सूचना असावी. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव, आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नोंदी जुन्या नावाने असतील, तर तेही वर्णनात सांगावे.

५. मिळणारे उत्तर. साधनाकडून येणाऱ्या आकड्याचा अर्थ काय, हे मॉडेलला सांगावे लागते. बाजार समितीच्या भावपत्रकात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात आणि ते बहुधा प्रतिक्विंटल असतात. ‘दर’ एवढाच शब्द लिहिल्यास कोणता दर, हे कळत नाही. कमाल दर एखाद्याच निवडक वक्कलाला मिळालेला असतो. तो ऐकून शेतकरी गाडी भाडे भरून माल घेऊन गेला, तर त्याची निराशा होते.

पावसाच्या आकड्याचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. भारतीय हवामान विभागाच्या प्रमाणित पद्धतीत सकाळी साडेआठ वाजता मागील २४ तासांचा पाऊस मोजला जातो. म्हणजे ‘आजचा पाऊस’ या रकान्यात जो आकडा असतो, त्यात काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस येतो. आज दुपारी पडलेली सर त्यात नसते. ही गोष्ट वर्णनात लिहिलेली नसेल, तर दुपारी जोराचा पाऊस झालेल्या शेतकऱ्यास ‘आज आपल्याकडे पाऊस झालेला नाही’ असे उत्तर मिळेल, आणि त्याचा या मदतनिसावरील विश्वास तेथेच उडेल.

६. उत्तर न मिळाल्यास. बाजार समितीला सुटी असेल किंवा त्या दिवशी त्या मालाची आवक नसेल, तर साधनाकडून रिकामी यादी येते. रिकामी यादी म्हणजे भाव शून्य नव्हे, हे शब्दांत लिहून ठेवावे. आणि ‘अशा वेळी मागील उपलब्ध दिवसाचा भाव, त्याची तारीख सांगून द्यावा’ अशी पुढची दिशाही द्यावी. चुकीची माहिती दिल्यावर साधनाने परत पाठविलेला संदेशही उपयोगी असावा. ‘चूक क्रमांक ४००’ या संदेशावरून मॉडेलला काही सुधारता येत नाही. ‘क्षेत्र हेक्टरमध्ये द्यावे, मिळालेला आकडा एकरात असल्याचे दिसते’ या संदेशावरून ते आपली मागणी दुरुस्त करू शकते.

उदाहरणाने स्पष्टीकरण : ‘२.२०’ या आकड्याचे तीन अर्थ

समजा, खताचा हिशेब करणाऱ्या साधनाचे वर्णन पुढीलप्रमाणे आहे :

‘खत_मात्रा. पिकासाठी खताची माहिती देते. द्यावयाची माहिती : पीक, क्षेत्र.’

एका शेतकऱ्याने विचारले, ‘माझे कांद्याचे क्षेत्र २.२० आहे, युरिया किती लागेल?’ आता हा आकडा तीन प्रकारे वाचता येतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. त्या रीतीने २.२० म्हणजे २ हेक्टर २० आर, अर्थात सुमारे ५.४४ एकर. शेतकऱ्याच्या बोलण्यात तोच आकडा २ एकर २० गुंठे असू शकतो. ४० गुंठ्यांचा एकर धरता ते अडीच एकर, म्हणजे १.०१ हेक्टर होते. आणि संगणक तो दशांश समजून २.२ एकर, म्हणजे ०.८९ हेक्टर असाही धरील.

कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश ही महाराष्ट्रातील परिचित शिफारस आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. सर्व नत्र युरियातून द्यावयाचे धरल्यास पहिल्या अर्थाने सुमारे ४७८ किलो, दुसऱ्या अर्थाने सुमारे २२० किलो, व तिसऱ्या अर्थाने सुमारे १९४ किलो युरिया निघतो. ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबाने पहिल्या अर्थाने साडेदहा गोण्यांहून अधिक, तर दुसऱ्या अर्थाने पाच गोण्यांस थोडे कमी. शेत अडीच एकराचे आणि उत्तर साडेदहा गोण्यांचे, अशी गफलत झाली तर शेतकऱ्याचा पैसा वाया जातो एवढेच नव्हे. नत्र जास्त झालेल्या कांद्याची मान जाड राहते आणि तो चाळीत टिकत नाही, सडतो. साधनाचा हिशेब येथे बरोबरच होता. उणीव होती ती वर्णनात.

हेच वर्णन सुधारून पुढीलप्रमाणे लिहावे :

नाव : हंगामी_अन्नद्रव्य_मात्रा

काम : यादीतील पिकास संपूर्ण हंगामात लागणारे नत्र, स्फुरद व पालाश किती किलो, याचा हिशेब शिफारस केलेल्या मात्रेवरून करते.

केव्हा वापरावे : आपल्या क्षेत्रासाठी एकूण खत किती लागेल, असे शेतकरी विचारील तेव्हा.

केव्हा वापरू नये : माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल तेव्हा, त्यासाठी ‘मातीपरीक्षण_मात्रा’ हे साधन आहे. पाने पिवळी पडणे, रोग किंवा कीड यासंबंधीच्या प्रश्नासाठी व फळबागेसाठीही वापरू नये.

द्यावयाची माहिती : (१) पीक, सक्तीचे. यादीतील नावच द्यावे. (२) क्षेत्र_हेक्टर, सक्तीचे. दशांशात, उदाहरणार्थ १.०१. एक हेक्टर म्हणजे १०० आर किंवा २.४७ एकर; एक एकर म्हणजे ४० गुंठे. ‘२.२०’ असा आकडा आल्यास तो हेक्टर-आर की एकर-गुंठे, हे शेतकऱ्यास विचारल्याखेरीज साधन वापरू नये. (३) हंगाम, सक्तीचे. खरीप, रब्बी किंवा उन्हाळी.

मिळणारे उत्तर : अन्नद्रव्यांचे किलो. हे खताच्या गोणीचे वजन नव्हे. आकडा संपूर्ण हंगामाचा आहे. तो एकाच वेळी द्यावयाचा हप्ता म्हणून सांगू नये.

उत्तर न मिळाल्यास : पीक यादीत नसल्यास ‘शिफारस उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. अशा वेळी दुसऱ्या पिकाचा आकडा वापरू नये. शेतकऱ्यास नजीकच्या कृषी कार्यालयात विचारण्यास सांगावे.

दोन्ही वर्णने शेजारी ठेवून पाहावीत. दुसऱ्यात एकही अवघड शब्द नाही. जाणत्या कार्यकर्त्याच्या मनात असलेल्या गोष्टी त्यात कागदावर आल्या आहेत, एवढाच फरक आहे. संपूर्ण हंगामाची मात्रा व एका वेळचा हप्ता यांतील भेद विशेष ध्यानात घ्यावा. कांद्यास निम्मे नत्र लागवडीच्या वेळी व उरलेले पुढे हप्त्यांनी देतात. हा भेद वर्णनात नसेल, तर पूर्ण युरिया एकदम टाकण्याचा सल्ला मॉडेलकडून जाऊ शकतो.

बोलीतील शब्द

शेतकरी यादीतील नावाने प्रश्न विचारीत नाही. तो आपल्या घरच्या शब्दाने विचारतो. कोकणात भात म्हणतात, पूर्व विदर्भात धान. कोठे कापूस म्हणतात, कोठे कपाशी. कोणी ज्वारी म्हणेल, कोणी जोंधळा. मॉडेलला यांतील पुष्कळ शब्द समजतात, परंतु सर्व समजतीलच असे गृहीत धरू नये. ‘भात (धान, साळ)’ अशा रीतीने समानार्थी शब्द वर्णनात जोडावेत. उलट, ज्या शब्दाचे एकाहून अधिक अर्थ होतात, तेथे इशारा द्यावा. ‘करपा’ म्हटल्यावर पिकाचे नाव कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘लाल कांदा’ आणि ‘उन्हाळ कांदा’ यांचे भाव वेगवेगळे निघतात. केवळ ‘कांदा’ म्हटले तर कोणता, हे विचारावे. ‘गोणी’ हेही निश्चित माप नव्हे. युरियाची गोणी ४५ किलोची, तर डीएपीची ५० किलोची असते. म्हणून हिशेब नेहमी किलोत मागावा.

वर्णन मराठीत लिहावे की इंग्रजीत, असा प्रश्न विचारला जातो. आजची मोठी मॉडेले दोन्ही भाषा वाचतात. अभियंत्यांच्या सोयीसाठी वर्णन इंग्रजीत ठेवले, तरी पीक, रोग, मोजमापे व महसुली शब्द मूळ मराठी रूपात त्यात असावेत. गुंठा या शब्दास दुसरा शब्द शोधत बसू नये.

लांबी किती असावी?

वर्णन दोन-तीन शब्दांचे असू नये, तसेच ते पुस्तकही होऊ नये. प्रत्येक साधनाचे वर्णन मॉडेलपुढे प्रश्नाबरोबर ठेवले जाते, म्हणून अनावश्यक मजकुराचा भार सर्वच कामावर पडतो. साध्या साधनास तीन-चार वाक्ये पुरतात. जेथे एककांचा घोटाळा किंवा नुकसानीचा धोका आहे, तेथे अधिक लिहिण्यास संकोच करू नये. योजनेचा इतिहास, विभागाची स्तुती, ‘अत्यंत उपयुक्त व अत्याधुनिक’ यांसारखी विशेषणे वगळावीत. त्यांनी निवड सोपी होत नाही. एकाच कामाची अनेक साधनेही ठेवू नयेत. कांद्याचा, टोमॅटोचा व बटाट्याचा भाव देणारी तीन साधने ठेवण्यापेक्षा शेतमालाचे नाव विचारणारे एकच साधन बरे.

कृती करणारी साधने

आतापर्यंत पाहिलेली साधने माहिती आणून देणारी होती. त्यांच्याकडून चूक झाल्यास ती पुन्हा विचारून सुधारता येते. परंतु काही साधने प्रत्यक्ष कृती करतात. विहिरीवरील मोटार मोबाईलवरून चालू करणे, योजनेचा अर्ज सादर करणे, पैसे पाठविणे ही त्यांची उदाहरणे होत. अशा साधनाच्या वर्णनात तीन गोष्टी ठळकपणे लिहाव्यात : कृतीचा परिणाम काय होतो, ती मागे घेता येते की नाही, आणि कोणाची संमती कोणत्या शब्दांत घ्यावी. ‘मोटार_चालू’ या साधनाच्या वर्णनात ‘विहिरीवर किंवा स्टार्टरजवळ कोणी काम करीत नाही, अशी खात्री शेतकऱ्याकडून करून घेतल्याशिवाय वापरू नये’ हे वाक्य असावे. ‘मोटार चालू आहे का?’ हा प्रश्न आहे, आज्ञा नव्हे; त्यासाठी केवळ स्थिती सांगणारे वेगळे साधन असावे.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत, साधन केवळ वाचणारे आहे की काही बदल किंवा नाश करणारे आहे, अशी खूण जोडण्याची सोय आली. ती खूण अवश्य करावी. तथापि खूण किंवा वाक्य म्हणजे कुलूप नव्हे. मॉडेल सूचना नजरचुकीने डावलू शकते. म्हणून जेथे जीविताचा किंवा पैशाचा प्रश्न आहे, तेथे माणसाच्या संमतीशिवाय काम पुढेच जाणार नाही, अशी अडवणूक सॉफ्टवेअरमध्येही असली पाहिजे. अभियंत्याकडे तसा आग्रह धरावा.

याच संदर्भात आणखी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मॉडेल वर्णनावर विश्वास ठेवते, म्हणून दुष्ट हेतूने लिहिलेल्या वर्णनातून त्यास भलतेच काम सांगता येते. अनोळखी ठिकाणाहून मिळालेले साधन, त्याचे वर्णन स्वतः वाचल्याखेरीज जोडू नये. सील तुटलेला औषधाचा डबा आपण घेत नाही, तसेच हे आहे.

वर्णनाची चाचणी

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासतो. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य समजतो. वर्णनाचीही अशीच चाचणी करावी. गावात खरोखर विचारले जाणारे वीस प्रश्न गोळा करावेत व ते शेतकऱ्याच्याच शब्दांत लिहावेत. त्यांपैकी दहा असे असावेत की ज्यांस हे साधन लागते. पाच असे, की ज्यांस दुसरे साधन लागते. आणि पाच असे, की ज्यांत माहिती अपुरी आहे व मॉडेलने आधी प्रतिप्रश्न विचारणेच योग्य आहे. प्रत्येक प्रश्नासाठी अपेक्षित काय, हे आधीच लिहून ठेवावे.

नंतर प्रत्येक प्रश्न मॉडेलला दोन-तीन वेळा विचारावा, कारण त्याच प्रश्नास ते दर वेळी एकाच रीतीने वागेल असे नाही. साधन योग्य निवडले काय, रकाने बरोबर भरले काय, आलेल्या आकड्याचा अर्थ बरोबर सांगितला काय, या तीन गोष्टींची स्वतंत्र नोंद ठेवावी. चूक आढळल्यास वर्णनातील एकच वाक्य बदलून पुन्हा पाहावे. प्रयोगाच्या वाफ्यात आपण वाण आणि खत एकाच वेळी बदलत नाही. तसे केल्यास फरक कशामुळे पडला ते कळत नाही. मॉडेलची नवी आवृत्ती आल्यावर, किंवा शेजारी नवे साधन जोडल्यावर, हीच चाचणी पुन्हा घ्यावी.

सारांश

१. मॉडेलला साधन दिसत नाही, वर्णन दिसते.
२. काम, प्रसंग आणि मर्यादा ही तिन्ही लिहावीत. मर्यादा विसरू नये.
३. प्रत्येक आकड्यास एकक द्यावे व शक्य तर ते रकान्याच्या नावात घालावे.
४. रिकामे उत्तर आणि शून्य यांतील भेद सांगावा.
५. शेतकऱ्याचे शब्द वर्णनात आणावेत. अनेकार्थी शब्दांवर प्रतिप्रश्नाची सूचना द्यावी.
६. कृती करणाऱ्या साधनास संमतीची अट घालावी आणि ती सॉफ्टवेअरमध्येही असल्याची खात्री करावी.
७. गावातील खऱ्या प्रश्नांवर चाचणी घेतल्याखेरीज वर्णन पुरे झाले असे मानू नये.

चर्चामंडळासाठी अभ्यास

१. आपल्या गावात क्षेत्र, वजन व माप यांसाठी कोणते शब्द वापरतात, त्यांची यादी करावी. त्यांपैकी ज्यांचे मूल्य गावोगाव बदलते, त्यांवर खूण करावी.
२. ‘हवामान_अंदाज. हवामानाची माहिती देते. द्यावयाची माहिती : ठिकाण, दिवस.’ हे वर्णन वर दिलेल्या अंगांप्रमाणे पुन्हा लिहावे. अंदाज आणि प्रत्यक्ष झालेल्या पावसाची नोंद यांतील भेद त्यात स्पष्ट झाला पाहिजे.
३. तयार झालेले वर्णन, शेतीशी संबंध नसलेल्या एखाद्या शिकलेल्या व्यक्तीस वाचावयास द्यावे आणि तिला शेतकऱ्याचे पाच प्रश्न सांगून रकाने भरण्यास सांगावे. जेथे ती अडखळेल, तेथे मॉडेलही अडखळण्याचा संभव आहे. तेवढी वाक्ये दुरुस्त करून मगच वर्णन अभियंत्याकडे पाठवावे.